अ आणि आ तेवढे उमटले

तै महिना लागला की कुंभकोणमच्या उत्तरेकडचे रस्ते पिवळे होतात. संक्रांतीनंतरचे हे दिवस. सांबा हंगामाचं भात कापून झालेलं असतं आणि चोळपुरम्‌च्या आसपास शेतकरी पेंढा सरळ डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात, येत्या-जात्या बसच्या चाकांखाली उरलंसुरलं धान गळून पडावं म्हणून. बस तिथं हळू होते. खिडकीतून कोरडा, गोडसर, नाकाला हुळहुळणारा वास येतो आणि त्याच्यामागून बारीक धूळ. आता कापणीची यंत्रं आली आहेत, तरी अजून कुणी ना कुणी पेंढा पसरतोच. पुण्याहून दरवर्षी याच दिवसांत मी माहेरी जाते आणि दरवर्षी तो वास येतो.

शेजारच्या बाकावरच्या बायका डोळे मिटून तो वास घेतात. त्यांना घर आठवत असेल. मला संशय येतो.

कशाचा म्हणाल तर कशाचाही. कंडक्टरनं दिलेल्या तिकिटाचा, आपण घर नीट बंद करून निघालो का याचा, फोनवर ‘पाठवलं’ म्हणून दिसतं ते खरंच गेलं का याचा. नोकरीतही माझी हीच ख्याती होती. दुसऱ्यानं ‘चाललं’ म्हटलं की मी विचारायची, कुठल्या यंत्रावर? हाताखालची मुलं मागे हसत. हा स्वभाव जन्मजात नाही. तो मला एका तै महिन्यात लागला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कावेरीच्या बाजूच्या एका छापखान्यात.

त्या छापखान्यात माझे वडील मुख्य जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, त्या दोऱ्यानं बांधायच्या, मुद्रितं काढून तपासायची. अप्पांच्या बोटांची टोकं कायम काळसर असत आणि अंगाला शाई व रॉकेल यांचा मिळून एक वास असे. छापखान्याचं मुख्य काम पंचांगाचं. चित्रै महिन्यात तमिळ नवं वर्ष सुरू होतं. त्याआधी पंचांग घरोघर पोचायला हवं, म्हणून तै आणि मासी हे दोन महिने तिथं कुणाला मान वर करायला फुरसत नसे. लहानपणी मी डबा घेऊन जायची तेव्हा अप्पा खिळ्यांच्या खणांकडे न बघता हात घालत आणि हवं ते अक्षर घेऊन येत. मला ती जादू वाटे.

आमची माणसं तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आली आणि इथलीच झाली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आमची मराठी मागेच कुठंतरी थांबून राहिलेली. पुण्यात लग्न होऊन आले तेव्हा सासरची माणसं म्हणाली, ही जुन्या पोथीतून बोलते. छापखान्यात सगळे अप्पांना ‘रायर’, म्हणजे राव, म्हणत आणि मालकांना ‘मुदलाळी’. मुदलाळी म्हणजे मालकच. त्यांना दुसरं नाव असल्याचं मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

मी त्रिचीला शिकून परत आले आणि गावातल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कचेरीत लागले. एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, खाली दिवसभर पितळ ठोकल्याचा आवाज. वरदन सर आमचे प्रमुख. त्यांनी मद्रासच्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं एक जुनं युनिक्स प्रणालीचं संगणकयंत्र आणलं होतं आणि त्यावर आम्ही तमिळ अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहीत होतो. लिहीत होते ती मुख्यतः मी. आणि हा प्रोग्राम पहिल्यांदा विकत घेतला तो अप्पांच्या मुदलाळींनी.

हे घरी कळलं त्या संध्याकाळी आई कॉफी गाळत होती. तिनं फक्त एकदा माझ्याकडे आणि एकदा अप्पांकडे पाहिलं. मी म्हटलं, “अप्पा, तुमचें काम मी जाऊं देणार नाहीं.” कसं ते मला ठाऊक नव्हतं. अप्पा म्हणाले, “कॉफी घे, निवते.”

पुढे मात्र ते विचारू लागले. जेवताना मधेच म्हणायचे, “तें यंत्र अक्षर ओळखतें तरी कसें?” मी सांगायची, प्रत्येक तमिळ अक्षराला आम्ही इंग्रजी लिपीत एक नाव दिलं आहे, ते नाव सापडलं की अक्षर उमटतं. ते घास तसाच धरून विचार करत. “आणि नांवांत एक खिळा इकडचा तिकडे झाला तर?” “तर तिथें कोरें राहील.” “ओरडणार नाहीं? चूक आहे म्हणून सांगणार नाहीं?” “नाहीं अप्पा. गप्प राहील.” त्यांनी मान हलवली. तेव्हा मला वाटलं, अप्पांना गोडी लागली. मला अभिमानच वाटला.

मुदलाळींनी नवं कोरं यंत्र घेतलं. तेही युनिक्सचंच, पण दुसऱ्या कंपनीचं. खिळ्यांच्या दालनाला लागून लाकडी जाळीची एक खोली होती, तिथं ते बसवलं. प्रोग्राम ज्या यंत्रावर चालवायचा तिथं तो नव्यानं कंपाईल करावा लागतो, म्हणजे त्या यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यावा लागतो. एका शुक्रवारी दुपारी मी फ्लॉपी घेऊन गेले आणि ते काम केलं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकल्या, एकही तक्रार आली नाही. त्याला जोडायचं छपाईयंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं. मी खोली बंद करून किल्ली मुदलाळींना दिली आणि त्यांनी ती, नेहमीप्रमाणे सगळ्या किल्ल्यांसोबत, अप्पांना दिली.

सोमवारी सकाळी मुदलाळींनी पंचांगाचं गणित करणाऱ्या वृद्ध शास्त्र्यांना बोलावलं होतं. कपाळाला ताजं गंध, खांद्यावर नवं उपरणं. यंत्राला फूल वाहिलं. पहिलं पान बाहेर आलं आणि सगळे पुढे वाकले.

पानावर आकडे होते. घटका, पळं, तारखा, सगळं जागच्या जागी. पण तिथीचं नाव नाही, नक्षत्राचं नाव नाही, वार नाही. वेळा होत्या, पण कशाच्या वेळा ते नव्हतं. पांढऱ्या कोऱ्या जागांमधून मधेच एखादा ‘अ’ आणि एखादा ‘आ’ तेवढा उभा, पीक कापून नेल्यावर बांधावर चुकून राहिलेल्या लोंब्यांसारखा.

शास्त्र्यांनी उपरणं सावरलं आणि ते निघाले.

वरदन सर मद्रासला गेले होते. मी धावत आमच्या माडीवर गेले, तीच फ्लॉपी आमच्या यंत्रात घातली, पान छापलं. अख्खं पान स्वच्छ, एक मात्रा चुकलेली नाही. ते पान घेऊन मी परत आले तेव्हा मला वाटलं होतं, आता मुदलाळींना धीर येईल. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि बराच वेळ पाहत बसले.

“तिकडे बरोबर, इकडे चूक,” ते म्हणाले. “शुक्रवारपासून या खोलीची किल्ली कुणाकडे होती?”

मी जाळीपलीकडे पाहिलं.

“रविवारी रायर इथं आले होते. वॉचमननं पाहिलं. यंत्रासमोर बसले होते म्हणे.” मग त्यांनी त्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं. “आणि हे बघ. सगळी अक्षरं गेली, राहिली ती दोन. अ म्हणजे अंबुजा, आ म्हणजे आनंदराव. बाप-लेकीची आद्याक्षरं. यंत्राला एवढी निवड करता येते?”

“मुदलाळी, अर्धं गाव अ आणि आ वर आहे,” मी म्हटलं. “तुमचे जावईसुद्धा अरुणाचलम.”

ते हसले नाहीत. मलाही हसू येत नव्हतं. कारण जाळीपलीकडे अप्पा खिळे जुळवत होते, पाठमोरे, आणि त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला होता. नांवांत एक खिळा इकडचा तिकडे झाला तर? ओरडणार नाहीं? चूक आहे म्हणून सांगणार नाहीं? मीच सांगितलं होतं सगळं, भात कालवता कालवता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी आलो. रस्त्यावर बैलगाड्यांतून सांडलेला पेंढा होता, पायांखाली चुरचुरत होता. एरवी अप्पा वाटेत दहा जणांशी बोलत. त्या दिवशी नाही. मी शेवटी म्हटलं, “अप्पा, रविवारीं तुम्ही तिथें...”

“अंबू,” ते म्हणाले, “मी तुला कांहीं विचारत नाहीं. तूंही मला कांहीं विचारूं नकोस.”

झालं. मला उत्तर मिळालं असं मी धरून चालले.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे. संशयाला पुरावा लागत नाही, तो दिसेल त्याचा पुरावा करतो. अप्पा लवकर उठले, संशय. उशिरा उठले, संशय. देवापुढे जास्त वेळ बसले तर मी आईला विचारायची, आज काय विशेष? त्यांचा सदरा धुवायला टाकताना मी खिसे चाचपले. सुपारी निघाली. आणि गंमत अशी की मला राग येत नव्हता. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्याच्या चुका शोधून काढल्या, त्यानं पहिल्यांदा एक चूक हातानं पेरली असेल तर ती किती घाबरत पेरली असेल, असं सारखं मनात यायचं. मी ठरवलं होतं, वरदन सर आले की कंपाईल करताना माझ्याच हातून काही राहिलं म्हणायचं, नव्यानं कंपाईल करायचं, आणि अप्पांचं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही.

अप्पाही मला न्याहाळत होते. ताटावरून मान वर केली की त्यांची नजर माझ्यावर असायची आणि लगेच वळायची. मी त्याचाही अर्थ लावला होता.

वरदन सर आले. सगळं ऐकून म्हणाले, “कोड खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.” हे वाक्य त्यांना आवडत असावं, ते दोनदा म्हणाले. मग आम्ही सगळे जाळीच्या खोलीत जमलो. सरांनी यंत्रावरचं जुनं सगळं पुसलं, नवी फ्लॉपी घातली, स्वतःच्या हातानं कंपाईल केलं. कुणीही मधे नाही, किल्ली नाही, रविवार नाही. पान बाहेर आलं.

अ. आ. आकडे. बाकी कोरं.

माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं, इतकं की मी जवळजवळ हसले. अप्पांनी काही केलं नव्हतं! ते फक्त यंत्र बघायला आले होते. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की खोलीतले सगळे आता माझ्याकडे पाहताहेत. रायरनं केलं नाही, आणि प्रोग्राम तर हिनंच लिहिलेला. आमच्या माडीवर बरोबर चालणारा आणि नेमका इथं येऊन बिघडणारा प्रोग्राम, आणि इथं हिचे वडील खिळे जुळवतात. सरसुद्धा चष्मा पुसत राहिले. “अंबुजा,” ते अगदी हळू म्हणाले, “यंत्र ओळखून वेगळं वागणारं काही घातलं आहेस का तू यात?”

मी एक सकाळ मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्या यंत्रासमोर एकटी बसले. आत मुदलाळींच्या माणसानं एक स्टूल टाकलं होतं आणि तो बसून होता, माझ्यावर लक्ष ठेवायला. मला त्याचं बरंच वाटलं. आपल्याकडे कुणी संशयानं बघत असलं की आपणही प्रत्येक गोष्टीकडे तसंच बघायला लागतो, आणि त्या सकाळी मला तेच हवं होतं. मी ठरवलं, कशावरही विश्वास ठेवायचा नाही. माझ्या कोडवर नाही, आणि युनिक्सबरोबर फुकट मिळणारी जी लहान लहान अवजारं आपण न बघता वापरतो त्यांच्यावर तर मुळीच नाही. कुणी ओळी क्रमानं लावतं, कुणी शब्द शोधतं, कुणी एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवतं. एकेकाला समोर उभं करून विचारायचं, तू कोण? पहिल्यालाच म्हटलं, ओळ लिही आणि ती संपली की पुढच्या ओळीवर उतरू नकोस. आमच्या माडीवर तो हे निमूट ऐके. इथं त्यानं माझी सूचनाच पडद्यावर लिहून टाकली आणि पुढच्या ओळीवर उतरला. नाव तेच, वागणं निराळं.

मग अक्षर बदलणाऱ्याची पाळी आली. आमच्या यादीत अक्षरांची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत होती आणि प्रोग्राम ती मोठ्या अक्षरांत शोधत असे. म्हणून कंपाईल होताना हे अवजार सगळी छोटी अक्षरं मोठी करी. मी त्याला तोच हुकूम दिला: छोट्या ए पासून झेडपर्यंतचं घे, मोठ्या ए पासून झेडपर्यंतचं कर. ‘पासून’च्या जागी एक आडवी रेघ. आणि नमुना म्हणून माझं नाव टाकलं, इंग्रजीत, सगळं छोट्या अक्षरांत.

नाव परत आलं. पहिला ए मोठा. शेवटचा ए मोठा. मधली सगळी अक्षरं होती तशी छोटी.

या यंत्राला रेघेचा अर्थच कळत नव्हता. चौकटी कंसात घालून दिलं तरच ते ‘पासून’ समजत असे; त्याच्यासोबत आलेल्या जाडजूड पुस्तकात ते लिहिलेलंही होतं. कंस नसेल तर त्याच्या लेखी तीनच चिन्हं: ए, रेघ आणि झेड. त्यानं इमानदारीत तेवढी बदलली आणि तक्रार केली नाही. आमच्या यादीत ज्यांचं अख्खं नाव नुसत्या ए चं होतं अशी अक्षरं दोनच. एका ए चा अ आणि दोन ए चा आ. आकड्यांना छोटं-मोठं नसतंच. बाकीच्या सगळ्यांची नावं अर्धीमुर्धी बदलून किंवा मुळीच न बदलता हरवली होती.

मला खूप आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. स्टुलावरच्या माणसाला डुलकी लागली होती. जाळीपलीकडून खिळ्यांची टकटक ऐकू येत होती आणि मला कळत होतं की हे या गावात दुसऱ्या कुणालाही सापडणार नाही. मी ‘सापडलं नाही’ म्हटलं तर यंत्र परत जाईल. टकटक चालू राहील.

तेवढ्यात टकटक थांबली. अप्पा जाळीपाशी आले. आमची मराठी तिथं दुसऱ्या कुणाला कळत नसे, तरी ते हलक्या आवाजातच बोलले.

“अंबू, पुरे आतां. जें घातलेंस तें काढून टाक.”

“अप्पा?”

“तूं माझ्यासाठीं केलेंस, तें मला पहिल्या दिवसापासून ठाऊक. म्हणून तर विचारलें नाहीं. पण माझ्या कामासाठीं तुझें नांव जाऊं नये. काढून टाक.”

“मी नाहीं केलें, अप्पा. मला वाटलें... मला वाटलें, तुम्ही केलेंत.”

“मी? मला तें सुरू करतांसुद्धां येत नाहीं. रविवारीं नुसता समोर बसलों होतों. बघत होतों, आपली जागा कोण घेतें.”

मी त्यांना आत बोलावलं आणि पडद्यावरचं माझं नाव दाखवलं. कंस, रेघ, दोन यंत्रांच्या दोन तऱ्हा, सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, “नीट कर. मुदलाळींना बोलावतों.” आणि स्वतःच गेले बोलवायला.

मी कंस घातले नाहीत. रेघही ठेवली नाही. छोट्यांची अख्खी वर्णमाला एकेक अक्षर करून लिहिली आणि पुढे मोठ्यांची तशीच, म्हणजे कुठल्याही यंत्राला अर्थ लावायला जागा उरू नये. तेव्हापासून मी असंच लिहीत आले. पान बाहेर आलं तेव्हा त्यावर तिथी होती, नक्षत्र होतं, वार होता.

मुदलाळींनी ते पान हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटं करून मागून पाहिलं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. माझं स्पष्टीकरण त्यांनी मद्रासच्या कुणाकडून तरी तपासून घेतल्याचं मागाहून कळलं. तरी यंत्रावर त्यांचा काही विश्वास बसला नसावा, कारण त्या वर्षी त्यांनी अप्पांना बाजूला बोलावून सांगितलं, पंचांग खिळ्यांतही पूर्ण जुळवून ठेवा. यंत्रानं दगा दिला तर हाताशी असावं. त्यामुळे त्या तै-मासीत एकाच छापखान्यात एकच पंचांग दोनदा जुळलं, जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे. छापलं गेलं ते यंत्रावरचं. अप्पा आणि त्यांचे सोबती आणखी एक वर्ष कामावर राहिले ते केवळ मुदलाळींच्या संशयामुळे. पुढच्या वर्षी खिळे वजनावर मोडीत गेले. सोबत्यांतले दोघं तिरुप्पनंदाळकडे आपापल्या गावी निघून गेले, एकानं विड्याच्या पानांचा धंदा धरला. अप्पांना मुद्रितं तपासायला ठेवून घेतलं. निवृत्त होईपर्यंत ते माझ्या प्रोग्रामनं छापलेल्या पानांवर लाल शाईनं खुणा करत राहिले.

पुण्यात कुणाला हे सांगितलं की तरुण मुलं म्हणतात, एवढ्याशा कंसावरून? आणि मला वाटतं, यांच्याकडे अजून कुणी तसं संशयानं पाहिलेलं नाही, ताटावरून मान वर करून.

यंदा गेले तेव्हा अप्पा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. ऐकू कमी येतं आता, बोलणंही थोडकं झालं आहे. आई आत होती. बराच वेळ आम्ही समोरच्या गल्लीत खेळणारी पोरं बघत बसलो. मग ते एकदम माझ्याकडे वाकले, आत कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

“अंबू, खरें सांग. आतां कोण रागावणार आहे? त्या वर्षीं थोडेंसें तरी तूं माझ्यासाठीं केलें होतेंस, होय कीं नाहीं?”

मी पुन्हा सगळं समजावणार होते. रेघ, कंस, दोन तऱ्हा. तोंड उघडलंही होतं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“थोडेंसें, अप्पा,” मी म्हटलं.

ते खुर्चीत मागे टेकले. “मला ठाऊक होतें,” ते म्हणाले.